जुळवणी

“दोन डिस्क कशाला?” दप्तरींनी विचारलं. “मूळ प्रत एक असली की झालं.”

दुरुस्तीवाल्याने उघड्या कॉम्प्युटरमधून मान वर काढली. चष्मा कपाळावर चढवला होता, आणि तो तिथे आहे हे विसरून तो टेबलावर चष्मा शोधत होता. “काका, डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही. म्हणून दुसरी. तुम्ही इकडे एक फोटो टाकला की तिकडे आपोआप जातो. दोन्ही कायम जुळलेल्या.”

“म्हणजे जुळवणी.”

“आम्ही सिंक म्हणतो. पण तुमचा शब्द बरा आहे.”

शब्द बरा आहे म्हटल्यावर दप्तरी खुलले. चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये काढलेल्या माणसाला असं कुणी सहसा म्हणत नाही. पदाचं नाव अधूनमधून बदलत गेलं, पण ‘दप्तरी’ हे नाव त्यांना जे चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा रागावली की “अहो दप्तरी” म्हणायची. आणि जुळवणी हा तर त्यांच्या हातचा मळ होता. दोन प्रती शेजारी शेजारी मांडायच्या, पानागणिक बरोबरची खूण करायची, खाली सही ठोकायची. जुळल्या की दुसरी प्रत नष्ट करायला मोकळे. प्रती वाढल्या की मूळ कुठलं तेच कळेनासं होतं, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि ते ऐकलं नाही असं माणूस ओळखीत उरलं नव्हतं. चौतीस वर्षांत एक कागद गहाळ झाला नाही, हेही ते सांगत. केस कापून घेताना न्हाव्यालासुद्धा सांगत.

“ही दुसरी डिस्क जुनी आहे हं,” दुरुस्तीवाला म्हणाला, “पहिलीपेक्षा लहान. सध्या चालून जाईल. पण खरं सांगू का, बॅकअप वेगळा लागतो. एक तिसरी डिस्क आणा, महिन्यातून एकदा भरायची आणि कपाटात ठेवून द्यायची. जोडून ठेवायची नाही.”

“तिसरी?” दप्तरी हसले. “तुम्ही आमच्या खात्यात असता तर इमारत कमी पडली असती.”

दुरुस्तीवालाही हसला, आणि तो विषय तिथेच राहिला.

हा सगळा खटाटोप एका पत्रामुळे सुरू झाला होता. बायको जाऊन चौदा महिने झाले होते. तिच्या नावाचं एक खातं एका कंपनीकडे होतं. फोनमधले फोटो, आवाज, काय काय त्या कंपनीच्या गोदामात जाऊन पडायचं. गोदाम कुठल्या देशात ते देवाला माहीत. अडीअडचणीला म्हणून तिने नवऱ्याचा पत्ता देऊन ठेवला होता, तिथे पत्र आलं: हे खातं बरेच दिवस वापरात नाही, तीस दिवसांत बंद करण्यात येईल आणि त्यातलं सर्व काही कायमचं काढून टाकण्यात येईल. पत्राची भाषा दप्तरींच्या ओळखीची होती. अशी पत्रं त्यांनी स्वतः शेकड्याने पाठवली होती. तरी हे पत्र त्यांनी उभ्याउभ्या तीनदा वाचलं.

कारण त्या खात्यात तिचा आवाज होता.

ती कपडे शिवायची. अख्खी गल्ली तिच्या हातचं घालायची. शेवटची दोन वर्षं हात थरथरायला लागला. शिवण सुटली नाही, मशीनवर हात टेकला की तो स्थिर राहायचा, पण मापं लिहिता येईनात. मग तिने फोनमध्ये बोलून ठेवायला सुरुवात केली. “डॉक्टरीणबाई, निळं कापड, खांदा पंधरा, गळा मागे सात,” असं. अशी त्रेसष्ट ध्वनिमुद्रणं होती. तिचा फोन केव्हाच बंद पडला होता, पण खातं होतं आणि खात्यात ती होती.

त्यांना एकच लेक. चार तासांच्या अंतरावर एका प्रयोगशाळेत कामाला. तिने त्यातलं एकही ऐकलेलं नव्हतं. “मला अजून नाही जमणार, बाबा,” ती म्हणाली होती. “आवाज कानावर पडला तर मी तिथेच बसेन. पण ते आहे, एवढं माहीत असू दे. तयारी झाली की ऐकेन.”

पत्राचं कळल्यावर तिने लगेच फोन केला. पासवर्ड तिलाच ठाऊक होता. “मी पण एक प्रत माझ्याकडे उतरवून घेते.”

“कशाला? आईचा आवाज काय वाटत सुटायचाय? परक्याच्या गोदामातून काढून आपल्या घरात आणतोय, तर घरातच राहू दे. एका जागी. मी आहे ना सांभाळायला.”

“अहो पण बाबा...”

“चौतीस वर्षं.”

पुढचं वाक्य तिला पाठ होतं. “बरं,” ती म्हणाली. बापाशी वाद घालायचं तिने शाळेत असतानाच सोडून दिलं होतं.

अशा रीतीने लेकीचा जुना कॉम्प्युटर घरचा सर्व्हर झाला. शिलाई मशीनच्या शेजारी भिंतीलगत तो ठेवला. वर हिरवा दिवा, आत बारीक घरघर. दुरुस्तीवाल्याने येऊन वायर जोडून दिली, फोनवरून कसं उघडायचं ते तीनदा दाखवलं. दप्तरींनी तीनदा लिहून घेतलं. जाताना तो म्हणाला, “आता तुम्हीच तुमची कंपनी.” त्या दिवशी दप्तरींना फार दिवसांनी भूक लागली.

पत्रातली मुदत संपायच्या कितीतरी आधी सगळं घरी आलं होतं. तिसाव्या दिवशी त्यांनी मुद्दाम ते खातं उघडायचा प्रयत्न केला. असं खातं अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. त्यांना हायसं वाटलं. आता जे काही होतं ते या भिंतीच्या आत होतं.

मग त्यांनी नोंदवही घातली. क्रमांक, तारीख, किती सेकंद, विषय, वर्ग. वर्ग म्हणजे कागद किती काळ ठेवायचा ते. अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे दहा, आणि ड म्हणजे वर्षभराने नष्ट. पहिलं मुद्रण लावलं, “अहो, तो पंखा बंद करा हो, मी बोलतेय,” हे ऐकलं आणि ते ताडकन उठून स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. नळ सोडला. काही धुवायचं नव्हतं. बऱ्याच वेळाने परत आले, पेन उचललं आणि लिहिलं: क्र. १, सेकंद १८, पंखा व मापे, ड. लिहिलं की ऐकवत होतं. नुसतं बसून ऐकवत नव्हतं. नवरा म्हणून जे जमलं नसतं ते त्यांनी कारकून म्हणून चार दिवसांत उरकलं. ड हा वर्ग त्यांनी विचार करून दिला नव्हता. मापं, निरोप, किरकोळ टिपणं, असल्या कागदांना चौतीस वर्षं ड लिहिलं होतं, हातानेच ते लिहिलं.

पुढे त्यांनी घरातले जुने अल्बम काढले आणि एकेक फोटो यंत्रावर पालथा घालून सर्व्हरमध्ये भरायला लागले. रोजचा उद्योग झाला. एके दिवशी दुपारी पडद्यावर सूचना आली: दुसऱ्या डिस्कवर जागा संपत आली आहे.

दप्तरींना अशा सूचनेची भीती नव्हती. रेकॉर्डरूममध्ये दर वर्षी जागा संपायची, दर वर्षी ते ती करून द्यायचे. दोन्ही डिस्क उघडून शेजारी शेजारी मांडल्या. आवाजाचा कप्पा इकडे त्रेसष्ट, तिकडे त्रेसष्ट. नोंदवही घेऊन क्रमांक, सेकंद, तारीख ताडून पाहिली. त्रेसष्ट खुणा केल्या. सगळं जुळलं. मूळ पहिल्या डिस्कवर सुरक्षित आहे याची खात्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या डिस्कवरची प्रत काढून टाकली. यंत्राने विचारलं, नक्की का? नक्की. मग ते पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीकडे वळले. नष्ट करायचे कागद टोपलीत सोडून जाणारे लोक त्यांना कधी आवडले नव्हते, ते स्वतः उभे राहून फाडून घ्यायचे. टोपली रिकामी केली. वहीत लिहिलं: द्वितीय प्रत, त्रेसष्ट नग, जुळवणीअंती नष्ट. सही केली. मोकळ्या झालेल्या जागेत संध्याकाळपर्यंत फोटो भरत बसले, आणि नंतरचे दहा दिवसही भरत राहिले.

अकराव्या दिवशी लेकीचा फोन आला.

“बाबा, रविवारी येतेय. ऐकायला.” ती थांबली. “काल प्रयोगशाळेत एकीनं सहज विचारलं, तुझी आई कशी बोलायची गं? आणि मला आठवेचना. चेहरा आठवतो, ओरडायची ते आठवतं, पण आवाज कानात येईना. मला भीती वाटली हो.”

“ये,” दप्तरी म्हणाले. “सगळं तयार ठेवतो.”

फोन ठेवून ते उत्साहात मशीनशेजारी बसले. पहिली डिस्क उघडली. आवाजाचा कप्पा रिकामा होता.

त्यांनी बंद करून पुन्हा उघडला. दुसरी डिस्क पाहिली. शेजारचे कप्पे पाहिले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हिरवा दिवा लागला, घरघर सुरू झाली, कप्पा रिकामाच होता. कॉम्प्युटर तसाच दोन्ही हातांनी उचलला, वायरी लोंबत होत्या, आणि ते रस्त्याने दुरुस्तीवाल्याच्या दुकानाकडे निघाले. वाटेत शेजारच्या बाईंनी “कुठे?” विचारलं, त्यांना ते ऐकू आलं नाही.

दुरुस्तीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, “काका, तुम्ही तिकडचं काढलंत म्हणून इकडचंही गेलं.”

“पण मी मूळ प्रतीला हात लावला नाही!”

“यात मूळ नसतं, काका. दोन्ही जुळलेल्या. मी सांगितलं होतं ना.”

“तुम्ही म्हणालात, इकडे टाकलं की तिकडे जातं.” दप्तरींचा आवाज चढला. “टाकलं की! काढलं की, असं तुम्ही म्हणाला नाहीत. मला एकेक शब्द आठवतो.”

“जुळलेल्या म्हणजे जुळलेल्याच ना, काका.” दुरुस्तीवाल्याचा चेहरा पडला होता. “टाकण्यात काय नि काढण्यात काय. चूक माझीही आहे. मी गृहीत धरलं की तुम्हाला कळलंय.”

दोन दिवस तो त्या डिस्कांशी झटला. दुकानात आलेली बाकीची कामं बाजूला ठेवली. शनिवारी दुपारी दप्तरी गेले तेव्हा त्याने नुसती मान हलवली. “नुसतं काढलं असतं तर ओढून आणलं असतं. पण त्या जागेवर नंतर फोटो बसलेत. तुमच्या लग्नातले बहुतेक.” मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “काका, एक सांगू? मुलीला म्हणा, डिस्क गेली. होतं असं, कुणाचीही जाते. मी पण तेच सांगेन. तिनं फोन केला तरी सांगेन.”

दप्तरी वळून चालू लागले. पण घरी येताना ते वाक्य त्यांनी तोंडात घोळवून पाहिलं. डिस्क गेली. दोनच शब्द. कुणाचा दोष नाही, यंत्र बिघडलं. लेक रडेल, मग म्हणेल, असू दे बाबा, तुम्ही तरी काय करणार. वरून तीच त्यांची समजूत काढेल. या शेवटच्या गोष्टीची त्यांना शरम वाटली. कचेरीत असे लोक त्यांनी पाहिले होते. वाळवी लागली म्हणायचे, पाणी गळलं म्हणायचे, आणि त्यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

रविवारी लेक सकाळच्या गाडीने आली. खांद्यावरच्या पिशवीत तिने नवे हेडफोन आणले होते, दोन्ही कान झाकणारे, मोठे. “म्हणजे मधे काही आवाज नको,” ती म्हणाली. तिने ते खोक्यातून काढून मशीनवर ठेवले. दप्तरींनी चहा केला. तिने पहिला घोट घेतला, आणि त्यांना वाटलं, कप रिकामा होईपर्यंत थांबावं. मग वाटलं, नको.

“आवाज गेले,” ते म्हणाले. “सगळे. मी काढून टाकले. चुकून, पण मीच.”

तिने कप खाली ठेवला. “म्हणजे?”

त्यांनी सांगितलं. जागा संपली तिथपासून दुकानापर्यंत, काही न गाळता. चौकशी समितीसमोर बसलेल्या माणसासारखे ते समोरच्या भिंतीकडे बघत बोलले.

“सगळी त्रेसष्ट?”

“त्रेसष्ट.”

“टोपली कशाला रिकामी केलीत?”

“सवय.”

“मी एक प्रत मागितली होती.”

“मागितली होतीस.”

“हात जोडून मागायची राहिले होते फक्त!” ती ओरडली. “तुमचं एक घर, एक जागा, एक प्रत! सगळं आयुष्य तुमच्या त्या एका प्रतीपायी... आणि आम्ही बरं म्हणायचं. आई बरं म्हणायची, मी बरं म्हणायचं.”

ती उठून खिडकीपाशी गेली. तिचे खांदे हलत होते, पण दप्तरींना जवळ जायचा धीर झाला नाही. वळली तेव्हा तिची नजर नोंदवहीवर पडली. तिने ती उघडली. “पंखा व मापे,” ती वाचायला लागली. “चोवीस सेकंद, मापे, गुलाबी कापड. एकतीस सेकंद, मापे, पाऊस पडत असल्याचा आवाज. ड, ड, ड. हे ड काय आहे?”

खोटं बोलायचं नाही हे ठरलं होतं, पण या प्रश्नाची त्यांनी तयारी केली नव्हती.

“वर्ग,” ते म्हणाले. “वर्षभरानंतर नष्ट करण्याजोगं.”

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. ओरडली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. “आईला तुम्ही ड दिलात,” ती अगदी हळू म्हणाली.

चहावर साय धरली. मग तिने वही मिटली आणि विचारलं, “माझ्याबद्दल काही होतं का त्यात?”

“होतं,” दप्तरी पटकन म्हणाले. “सदतिसावं. तुझ्यासाठी कोट शिवायचा होता तिला. तुला सांगितलं नव्हतं. म्हणाली...” त्यांनी डोळे मिटले. तिच्या आवाजाची नक्कल करायची नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी आपल्याच घोगऱ्या आवाजात सांगितलं. “‘लेकीचा कोट. खांदा साडेचौदा. बाही बावीस. एक हात अर्धा इंच लांब आहे तिचा, लहानपणापासून. तिला माहीत नाही. त्या बाजूला तेवढं जास्त सोडायचं, आणि सांगायचं नाही.’ मग हसली जराशी.”

लेकीने आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. उलटे केले, सुलटे केले. “मला कधीच नाही कळलं,” ती म्हणाली. “तिच्या हातचं मला नेहमी नीट बसायचं.” मग विचारलं, “कुठला हात?”

दप्तरींनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. उजवा म्हणाली होती, की डावा? त्यांनी ते ऐकलं होतं. मन लावून, पेन हातात धरून ऐकलं होतं. वहीत सदतीससमोर लिहिलं होतं: मापे, घरगुती, सेकंद ४१.

“आठवत नाही,” ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले. आवाज न करता रडणं त्यांना जमत नव्हतं, लहान मुलासारखा हुंदका आला.

लेक जवळ आली नाही. तिने मशीनचा खण ओढला, मापाची टेप काढली आणि त्यांच्या हातात दिली. मग त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि उजवा हात सरळ खाली सोडला.

“घ्या.”

“मला येत नाही गं.”

“खांद्याच्या हाडापासून. मनगटापर्यंत. ओढू नका.”

त्यांनी टेपचं टोक तिच्या खांद्यावर धरलं. बोट घसरलं, परत धरलं. कोपरावरून खाली आणलं. चष्मा ओला झाला होता, तो सदऱ्याने पुसला. “बावीस.”

ती जरा वळली आणि डावा हात सोडला. त्यांनी पुन्हा खांद्याचं हाड चाचपून शोधलं. टेप हळूहळू मनगटाशी आली. ते वाकले, आकड्याच्या अगदी जवळ गेले.

“साडेबावीस,” ते म्हणाले. “डावा.”

तिने हात हलवला नाही.

“परत बघा,” ती म्हणाली.

ते सरळ झाले, टेपचं टोक शोधलं आणि खांद्यापासून पुन्हा माप घ्यायला लागले.